कमलनगर परिसर आणि सूतकताई : एका हस्तविद्येच्या शिक्षणाचा मागोवा

मराठी भाषेत सुताचे स्थान मोठे आहे. दोन माणसांचे सूत जुळते, वाकडा मनुष्य सुतासारखा सरळ होतो, कोणी सुतावरून स्वर्ग गाठतो आणि ज्याची जीभ थांबत नाही त्याच्या तोंडाची टकळी चालू असते. एवढे वाक्प्रचार ज्या वस्तूने भाषेला दिले, ती वस्तू हातांनी कशी करावयाची हे मात्र आज शंभरांतून एखाद्यालाच ठाऊक असते. राजांच्या लढायांची नोंद झाली, कापडाच्या व्यापाराची झाली, पुढे चरख्याच्या राजकारणाचीही झाली. पण प्रथमच पेळू हाती घेतलेल्या माणसाचा धागा कसा तुटला आणि तो सांधावयास त्याला कोणी शिकविले, याची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागाचा, विशेषतः कमलनगरच्या परिसराचा, या विद्येशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे. शिकणाऱ्याच्या बाजूने त्याचा मागोवा घेणे म्हणूनच उचित ठरेल.

कमलनगर हे विकाराबाद–परळी लोहमार्गावरील भालकी आणि उदगीर यांच्या मधले गाव. एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला मराठी आणि कित्येक घरांत दोन्ही, अशी येथील बोलीची रीत आहे. निजामाच्या राजवटीत हा सारा मुलूख बिदर जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला, तर औराद, भालकी आणि त्यांच्याबरोबर कमलनगर म्हैसूर राज्यात राहिले. पुढे कमलनगर स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. नकाशावर रेषा पडली, परंतु बाजारहाट, सोयरिकी आणि हातची कामे यांनी ती रेषा फारशी मानली नाही.

सूतकताईचा या भूमीतील सर्वांत हृद्य उल्लेख बाराव्या शतकातील शरणांच्या परंपरेत आढळतो. कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे कमलनगरहून फार लांब नाही. बसवेश्वरांच्या काळी तेथे जमलेल्या शरणांमध्ये कदिर रेम्मव्वे नावाची एक स्त्री होती. ‘कदिर’ म्हणजे चाती. सूत कातून चरितार्थ चालविणाऱ्या या स्त्रीने आपल्या वचनात स्वतः फिरविलेल्या ‘राटे’चे एकेक अंग घेऊन त्यात देवतत्त्व पाहिले. तिची ‘राटे’ आणि मराठीतील ‘रहाट’ हे शब्द परस्परांचे आप्त आहेत हे सांगावयास नको. कलबुर्गीच्या दक्षिणेकडील मुदनूरचे जेडर दासिमय्या हे तर तिच्याही आधीचे वचनकार. ‘जेडर’ म्हणजे विणकर. ज्या परंपरेने कायक म्हणजे श्रम हाच कैलास मानला, तिच्यात मागावर आणि चातीवर बसणाऱ्यांना प्रतिष्ठेचे आसन मिळाले, हे स्वाभाविकच होते.

चरखा भारतात केव्हा आला, या वादातही याच भूमीचे नाव पुढे येते. १३५० च्या सुमारास इसामी या कवीने ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी ग्रंथ पूर्ण केला. रझिया सुलतानाविषयी बोलताना, स्त्रीने चरख्याशी बसावे, अशा अर्थाचा टोमणा त्याने त्यात मारला आहे. भारतातील चरख्याचा सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख म्हणून प्रा. इरफान हबीब यांच्यासारख्या इतिहासकारांनी या ओळींकडे बोट दाखविले. हा ग्रंथ बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन बहमनशहा याच्या आश्रयाने लिहिला गेला. या राज्याची राजधानी प्रथम गुलबर्गा व नंतर बिदर होती. उलट रेम्मव्वेच्या वचनातील राट लक्षात घेता दक्षिणेत चरखा त्याही पूर्वी होता, असे काही अभ्यासक मानतात. मात्र वचने पुष्कळ काळ मुखोद्गत राहून नंतर संकलित झाली असल्याने त्यांच्या कालनिश्चितीत अडचण आहे. वादाचा निर्णय काहीही लागो, दोन्ही पक्षांचे साक्षीदार याच प्रदेशातले आहेत. एकाने चरखा स्त्रीला हिणविण्यासाठी वापरला, तर एका स्त्रीने त्यातच ईश्वर पाहिला, हा विरोधही विसरण्यासारखा नाही.

त्या काळी सूतकताई ‘शिकण्या’ची वेगळी व्यवस्था नव्हती. जी मुलगी आजीच्या शेजारी बसून सरकी निवडत असे, तीच चार पावसाळ्यांनंतर रहाटावर बसे. कोणी धडा देत नसे आणि कोणी परीक्षा घेत नसे. याचाच दुसरा परिणाम असा, की एका पिढीचे हात थांबले की विद्या संपे. एकोणिसाव्या शतकात प्रथम विलायती आणि मग देशी गिरण्यांचे सूत बाजारात आले. विणकराला ते स्वस्त पडे, एकसारखे असे आणि मागावर कमी तुटे. माग काही काळ तगले, पण रहाट माळ्यावर गेले. कापसाची ही कथा. लोकरीची मात्र निराळी. मेंढपाळ धनगर रानात कळपामागे चालताना लोकरीचे सूत काढीत आणि त्यातून घोंगडी विणली जात. म्हणून हातातल्या चातीची पीळ देण्याची क्रिया या मुलखाच्या डोळ्यांआड कधीच झाली नाही. कापूस कातणारे हात तेवढे नाहीसे झाले.

ही तुटलेली परंपरा पुन्हा सांधण्याचा प्रयत्न ज्याने केला, तो स्वतःच एक नवशिका होता. महात्मा गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’ लिहिले, त्या वेळी आपण माग किंवा चरखा पाहिल्याचे आपल्याला आठवत नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनीच आत्मकथेत दिली आहे. १९१५ मध्ये अहमदाबादेस आश्रम स्थापन झाल्यावर तेथे प्रथम माग आले, आणि त्यांवर गिरणीचेच सूत विणले जाऊ लागले. चरखा पाहिजे, पण तो मिळेना. चरखा मिळाला तरी शिकविणारा मिळेना. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत गांधींची गंगाबेन मजमुदार यांच्याशी ओळख झाली. त्यांनी पुष्कळ हिंडून अखेर बडोदे संस्थानातील विजापूर येथे चरखे शोधून काढले. तेथील कित्येक घरांत ते अडगळीत पडलेले होते. नियमाने पेळू मिळाले आणि सूत कोणी विकत घेतले तर पुन्हा कातू, असे बायांनी सांगितले. विद्या मेलेली नव्हती, केवळ काम न मिळाल्याने बसून राहिली होती. मगनलाल गांधींनी त्या चरख्यात सुधारणा केल्या आणि शिकविण्याची पद्धत बसविली.

आता नवशिक्यापुढे प्रत्यक्षात काय येते, ते पाहणे अवश्य आहे. कारण चरख्याविषयी भाषणे पुष्कळ झाली आणि चातीविषयी थोडी. काम सुरू होते ते कापसापासून. निजामी मुलखाच्या काळ्या जमिनीत पिकणारा गावराणी कापूस हा देशी जातीचा. वेचलेल्या कापसातून लाकडी चरकीवर सरकी वेगळी करावयाची, मग पिंजणाच्या तातीवर रुई पिंजून तिचे तंतू मोकळे करावयाचे आणि पिंजलेली रुई काडीभोवती हलक्या हाताने वळून पेळू करावयाचा. पेळू घट्ट वळला गेला तर तंतू सुटत नाहीत. सैल राहिला तर एकदम गठ्ठा ओढला जातो. कातणाऱ्याच्या निम्म्या चुका कातण्यापूर्वीच झालेल्या असतात, असे जे जाणते सांगत, त्याचे कारण हे आहे.

नवशिक्याला प्रथम टकळी द्यावी, असा संकेत पुढे रूढ झाला. टकळी म्हणजे पोलादाची सरळ काडी, खालच्या बाजूला पितळेची चकती आणि वर सूत अडकविण्यासाठी आकडा. लोकरीची चाती हवेत लोंबकळत ठेवता येते. कापसाचा नाजूक धागा तो भार पेलत नाही, म्हणून टकळीचे टोक वाटीत किंवा फरशीच्या तुकड्यावर टेकवून ती फिरवितात. एक हात टकळीला गिरकी देतो, दुसरा पेळू धरून मागे सरतो. पेळूतून तंतू निसटत जातात आणि खालून चढणारा पीळ त्यांना बांधीत वर येतो. सगळी विद्या या एका क्षणात आहे. पीळ पेळूपर्यंत पोहोचू दिला तर तंतू जागीच घट्ट होतात, धागा जाडजूड होतो आणि पुढे निघेना होतो. पीळ उशिरा पोहोचला तर धागा बारीक होत होत कुठे तुटला ते कळतही नाही. ओढ आणि पीळ यांचा मेळ बोटांना कळावा लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि तोंडाने सांगता येत नाही.

म्हणूनच पहिल्या दिवसाचे सूत सर्वत्र सारखेच निघते : मध्येच गाठी, मध्येच केसासारखे बारीक, आणि हातभर लांबीत चार सांधे. शिकणारा बहुधा पेळू घट्ट आवळून धरतो. तुटेल या भीतीनेच तो तोडतो. बोटे सैल सोडा, हे सांगणे सोपे, पण तुटण्याची भीती गेल्याखेरीज बोटे सैल होत नाहीत आणि पुष्कळदा तुटल्याखेरीज ती भीती जात नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी तंतू अधिक तुटतात, सकाळच्या दमट हवेत कमी, हे अनुभवाने कळते. टकळीवर हात बसला की चरख्यावर चाल सोपी होते. तेथे उजवा हात चाक फिरवितो आणि माळेच्या योगाने चाती भरभर फिरते. डावा हात धागा ओढीत मागे नेतो, हातभर झाला की चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचा पीळ सोडवितो आणि मग धागा चातीवर गुंडाळतो. गुंडाळलेल्या सुताची कुकडी भरली की ती फाळक्यावर उतरवावयाची. फाळक्याचा एक फेरा चार फुटांचा, त्याला एक तार म्हणत. १६० तारांची एक लटी आणि चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. ८४० वारांच्या जितक्या गुंड्या एका पौंडात बसतील तितक्या नंबरचे ते सूत. नवशिक्याचे सूत जाड, म्हणून त्याचा नंबर लहान. सरावाने बोट हलके झाले की नंबर चढत जातो.

या साध्या हिशेबाने एकदा देशाच्या राजकारणात मोठी खळबळ उडविली, आणि तीही मराठी–कानडी सीमेवरच. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले; गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. त्या अधिवेशनाने काँग्रेसच्या सदस्यत्वाची वर्गणी पैशाऐवजी सुतात ठरविली : वर्षाला २४,००० वार, म्हणजे महिन्याला २,००० वार. आकडा मोठा वाटतो. पण विसांच्या नंबरचे २,००० वार सूत वजनाने जेमतेम ५४ ग्रॅम भरते. रोज अर्धा तास कातावे, ही त्यामागची अपेक्षा होती. त्या हिशेबाने तासाला सुमारे १३३ वार पडतात. निष्णात कातणारा तासाला तीन-चारशे वार काढी. म्हणजे नियम निष्णातासाठी नव्हता, थोडा सराव झालेल्या नवशिक्यासाठीच होता. परंतु त्याच नियमात एक पळवाटही होती. आजारपण, अनिच्छा किंवा तशाच एखाद्या कारणाने स्वतः कातणे न झाल्यास तितकेच सूत दुसऱ्याकडून आणून देण्याची त्यात मुभा होती. अनेकांनी ती घेतली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे हा नियम सैल करण्यात आला आणि त्याच सुमारास अखिल भारत चरखा संघाची स्थापना होऊन कताईचा व्याप त्या संस्थेकडे गेला. सूत विकत मिळते, कातता येणे विकत मिळत नाही, हा बेळगावच्या ठरावाने शिकविलेला धडा होय.

पुढचा टप्पा महाराष्ट्राच्या तुरुंगातला. १९३० मध्ये येरवड्याच्या कारावासात गांधींनी घडी होणाऱ्या चरख्यावर बरेच प्रयोग केले. दोन चाके आणि चाती एका पेटीत बसणारा तो चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर पसरला. १९३२ मध्ये त्याच तुरुंगात कोपराच्या दुखण्यामुळे त्यांना नेहमीची रीत सोडून पायाने चालणाऱ्या मगन चरख्याकडे वळावे लागले. ज्याने लक्षावधी लोकांच्या हाती चरखा दिला, तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुन्हा पहिल्या धड्यावर आला. इकडे वर्ध्याजवळ नालवाडी येथे विनोबांनी केवळ कातण्याच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग मांडला. कातणाऱ्याला पोटापुरते मिळते की नाही, हे पुस्तकात न शोधता त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. तीत टकळीला शाळेच्या वर्गात मानाचे स्थान मिळाले. सुताच्या तारा मोजताना गणित, कापसाबरोबर भूगोल, गिरणीबरोबर इतिहास, अशी ती कल्पना होती. जे आजीच्या शेजारी आपोआप शिकले जाई, ते प्रथमच क्रमाने, वेळापत्रकाने शिकविण्याचा हा मोठा प्रयोग होता.

हैदराबाद संस्थानात मात्र या साऱ्याला वेगळा रंग होता. येथे सभा-संमेलनांवर निर्बंध होते, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मातृभाषेचा आधार मुख्यतः खासगी शाळा आणि वाचनालये हाच होता. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढील काळातील स्वामी रामानंद तीर्थ, यांनी काही काळ तेथे अध्यापन केले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. अशा वातावरणात अंगावरची खादी ही केवळ आवड राहिली नाही; ती घालणाऱ्याचा पक्ष कोणता, हे न बोलता सांगणारी खूण झाली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये तर कापडाच्या एका तुकड्यावरच सारा प्रश्न येऊन ठेपला. ७ ऑगस्ट रोजी भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी आंदोलन सुरू झाले आणि संस्थानात तिरंगा फडकविणे हा अपराध ठरला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली होती. या मुलखाला तो ध्वज मोकळेपणाने उभारता आला, तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर.

म्हणूनच पुढची घटना या परिसराला विशेष अभिमानाची वाटते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने नांदेड येथे राष्ट्रध्वज तयार करण्याचे काम हाती घेतले आणि त्याचे खादी कापड उदगीर येथे विणले जाऊ लागले. कमलनगरच्या शेजारचे हे गाव. ज्या मुलखात ध्वज हाती धरल्याबद्दल तुरुंग मिळे, त्याच मुलखातल्या मागांवर ध्वजाचे कापड उतरू लागले. सीमेच्या दुसऱ्या अंगाला कर्नाटकातही हुबळीजवळ बेंगेरी येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी संघाने राष्ट्रध्वजाच्या कामात नाव मिळविले. त्यासाठी लागणारे सूत आणि कापड बागलकोट भागात तयार होते. १९५६ च्या रेषेने जे दोन बाजूंना विभागले गेले, त्या दोन्ही बाजू एकाच ध्वजासाठी सूत पुरवीत राहिल्या.

तथापि कातण्याची रीत बदलली होती. तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी तयार केलेला ‘अंबर चरखा’ १९५० नंतरच्या दशकात सरकारी आश्रयाने पसरला, आणि १९५७ मध्ये खादी ग्रामोद्योग आयोग स्थापन झाल्यावर त्याला वेग आला. त्यावर एकाच वेळी अनेक चात्या चालतात. धागा ओढण्याचे काम बोटांकडून रुळांकडे गेले. उत्पादन वाढले, कातणाऱ्या स्त्रियांचे काम सुसह्य झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु ओढ आणि पिळाचा जो मेळ बोटांनी जाणावयाचा, तो आता यंत्र जाणू लागले. शेतातही बदल झाला. १९७० पासून संकरित आणि २००२ पासून बीटी वाण आले, आणि गावराणी कापूस मागे पडला. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. २०२२ मध्ये घरोघरी ध्वज लागले, परंतु त्यांतल्या कित्येकांना कातणाऱ्याचे बोट लागलेले नव्हते. हाताच्या सुतावर ज्या घरांची चूल चालते, त्यांच्या दृष्टीने ही दुरुस्ती लहान नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ही विद्या एकदा लोपली, तेव्हा ती पुन्हा मिळविण्यासाठी एका स्त्रीला गावोगाव हिंडावे लागले. सुदैवाने विजापूरच्या माळ्यांवर चरखे होते आणि ते चालविणारे हात जिवंत होते. अशी शोधयात्रा पुन्हा करावी लागली तर माळ्यांवर काय सापडेल, हा प्रश्न सुखावह नाही. ग्रंथालयात कताईची पुस्तके राहतील. चातीची आकृती, तारांचे कोष्टक, नंबराचे सूत्र ही सारी त्यांत मिळतील. ग्रंथाने परंपरेची आठवण ठेवावी, हे त्याचे काम त्याने केलेच आहे. परंतु बोट किती सैल सोडावे, हे कोणत्याही पानावर लिहिता आलेले नाही. ते शेजारी बसलेल्या माणसाकडूनच मिळते. ज्या ग्रंथालयाने शंभर वर्षे शब्दांचा धागा तुटू दिला नाही, त्याच्या एखाद्या कोपऱ्यात पुस्तकांच्या शेजारी चार टकळ्या, थोडे पेळू आणि जाणते असे एक वृद्ध माणूस बसले, तर रेम्मव्वेच्या या मुलखात ते अस्थानी ठरणार नाही. पहिल्या दिवशी सूत तुटेलच. ते सांधावयाचे कसे, हे सांगणारे कोणी जवळ असले म्हणजे झाले.